सुट्टी मिळाली, काम तिथंच राहिलं: एका विभागातलं बर्नआउटचं प्रकरण

इंटर्नल मार्क्सच्या शीटमध्ये एक ओळ सरकली आणि ५८ मुलांचे मार्क खाली-वर झाले, पहिल्याचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असं पार शेवटपर्यंत. परीक्षा विभागातल्या क्लार्क बाईंना शंका आली, कारण सेमिस्टरभर वर्गाकडे न फिरकलेल्या, हजेरी कमी म्हणून यादीत नाव लागलेल्या एका मुलाला ४० पैकी ३७ पडलेले दिसले. निकाल लागायच्या आत सापडलं म्हणून निभावलं. बाईंनी शीट भरणाऱ्या मॅडमना फोन केला आणि चूक सांगायच्या आधी विचारलं, "मॅडम, बऱ्या आहात ना तुम्ही? तुमच्याकडून असं कधी होत नाही." एचओडी म्हणजे विभागप्रमुख सरांनी तोपर्यंत मेमोचा मजकूर टाइप करायला घेतला होता.

आधीच सांगायला हवं, हे प्रकरण कुणा एका खऱ्या व्यक्तीचं नाहीये. विद्यापीठांमधून पुन्हा पुन्हा दिसतात त्या गोष्टी जोडून ते उभं केलंय, म्हणून नाव-गाव काही नाही, नुसतं 'मॅडम' आणि 'सर'.

मॅडम पंचेचाळिशीच्या, नोकरीत १७ वर्षं, शिकवण्यात नाव आणि विभागात कुणाचं काही अडलं की "मॅडमना विचार" हे ठरलेलं. पीएचडीचे ५ विद्यार्थी, ६० मुलांचं मेंटॉरिंग, तीन समित्या, आणि परीक्षा समन्वयक कुणीच व्हायला तयार नाही म्हणून तेही गळ्यात. काम करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं हे सगळ्या ऑफिसांत असतं, पण विद्यापीठात त्याला एक खास रंग आहे: तिथलं निम्मं काम कामात धरलंच जात नाही. एखादी मुलगी केबिनच्या दारात उभी राहून म्हणते "मॅडम, पाच मिनिटं होती का?" आणि मग तासभर रडते, हा तास कुठल्याच टाइमटेबलमध्ये नसतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली, पगारासाठी स्वतःच्या भावना सांभाळून ठेवायच्या हेही कामच आहे असं. त्यांनी अभ्यास केला होता तो विमानातल्या कर्मचाऱ्यांचा, पण विद्यार्थ्यांसमोर शांत चेहरा ठेवून बसणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ते पटकन पटेल.

आधीच्या वर्षात काय काय झालं

मार्कांचा घोळ अचानक झाला नाही. वर्षभर आधीपासून खुणा होत्या, फक्त प्रत्येक खूण वेगळ्या माणसाला दिसत होती. घरच्यांना दिसलं की रविवारी दुपारपासूनच मॅडमचा मूड जातो. एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला दिसलं की चॅप्टर दोन-दोन महिने परत येत नाही, आणि आला की त्यावर फक्त "बघितलं" एवढंच. सहकाऱ्यांना दिसलं की मीटिंगमध्ये बोलणाऱ्या बाई आता मान खाली घालून बसतात. हे सगळे एका टेबलाशी कधी बसलेच नाहीत, त्यामुळे चित्र कुणालाच पूर्ण दिसलं नाही.

मॅडमना स्वतःला सगळ्यात जास्त घाबरवलं ते एका मेलने. रात्री पावणेबाराला एका मुलाचा मेल आला, "मॅडम, खूप वाईट वाटतंय, बोलायचं होतं." पूर्वी त्यांनी लगेच फोन लावला असता. त्या रात्री पहिला विचार आला तो "आता हा कशाला" असा, मेल बंद केला, दहा मिनिटांनी परत उघडला, दोन ओळींचं उत्तर टाकलं आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही, कारण आपल्याला त्या मुलाचा राग आला हेच त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी मुलगा भेटला, बरा होता, पण यांचं काही ठीक नव्हतं.

ही जी विद्यार्थ्यांबद्दल येणारी चीड किंवा कोरडेपणा आहे ना, तो स्वभावाचा दोष म्हणून मनाला लावून घेतात लोक, आणि इथंच मोठी गफलत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू आहे, बर्नआउटची तीन अंगं दिलीत: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. म्हणजे कडवटपणा हा त्याचाच भाग आहे. आणि त्याच ठिकाणी स्पष्ट लिहिलंय की बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी गोष्ट आहे आणि ती कामाच्याच संदर्भात धरायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा "कामामुळे" म्हटलं की नुसतं त्या माणसाला दुरुस्त करून चालत नाही, कामाकडे पण बघावं लागतं.

बरं, हे आळशी किंवा कच्च्या माणसांना होतं हा गैरसमज तर अजून जात नाही. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी बर्नआउटवर जो गाजलेला लेख लिहिला तो फुकट उपचार देणाऱ्या दवाखान्यांत जीव ओतून राबणाऱ्या लोकांबद्दल होता. जे आधी पेटलेले असतात तेच विझतात, जो मुळात चार वाजता बॅग उचलून निघतो त्याचं सहसा बरं चाललेलं असतं.

पहिला उपाय: दोन आठवडे रजा आणि एक वेबिनार

क्लार्क बाईंच्या फोननंतर मॅडम सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि बोलता बोलता रडल्या. सर माणूस वाईट नाहीत, मेमो त्यांनी फाडून टाकला, आणि मनापासून म्हणाले, "तुम्ही दोन आठवडे सुट्टी घ्या, सगळं विसरा, फ्रेश होऊन या." सोबत एचआरचा मेल फॉरवर्ड केला, 'ताणमुक्त जगण्याची कला' या वेबिनारचा, वेळ दुपारी एक ते दोन. म्हणजे जेवायची एकमेव सुट्टी होती तीही गेली.

रजेत पहिले चार दिवस मॅडम नुसत्या झोपून होत्या. पाचव्या दिवसापासून मेल बघायला लागल्या, कारण त्यांच्या जागी कुणी नव्हतंच. लेक्चर्स "नंतर भरून काढू" म्हणून पुढे ढकललेली, पेपर गठ्ठ्यात तसेच, परीक्षेचं वेळापत्रक "मॅडम आल्यावर फायनल करू." परत आल्या तेव्हा ६०० च्या वर मेल, जादा लेक्चर्स आणि सहकाऱ्यांचं "काय मॅडम, मजा केली ना?" ही रजा नव्हती, ते उधारीवर घेतलेले दिवस होते आणि व्याजासकट फेडायचे होते. तिसऱ्या आठवड्यात त्या जिन्यात थांबल्या, छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरेना. हार्ट अटॅक वाटला. ईसीजी नॉर्मल निघाला, डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक.

माझं स्पष्ट मत आहे, बदली माणसाशिवाय दिलेली रजा ही मदत नाहीच. ती देणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असते. पुन्हा तेच वर्कलोड, तीच खुर्ची, तर मग येरे माझ्या मागल्या होणार नाही तर काय होणार.

डॉक्टरकडे

त्या डॉक्टरांनी एक गोष्ट फार चांगली केली, घाई केली नाही. आधी रक्त तपासलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, कारण सततचा थकवा म्हणजे दरवेळी मनाचंच असतं असं नाही आणि थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मंद होतो. रिपोर्ट ठीक आले. मग पीएचक्यू-९ भरून घेतला. हा ९ प्रश्नांचा फॉर्म, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले की नैराश्यासाठी नीट तपासणी करायला हवी असं धरतात. मॅडमचे १४ आले. या फॉर्मवरून निदान होत नाही, ते डॉक्टर बोलूनच करतात, पण बोलायला सुरुवात कुठून करायची हे त्यातून कळतं.

नवव्या प्रश्नाला, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, याला मॅडमनी 'काही दिवस' वर टिक केलं होतं आणि पेन बाजूला ठेवून खिडकीकडे बघत बसल्या होत्या. डॉक्टरांनी ते टाळलं नाही. सरळ विचारलं, "म्हणजे नेमकं काय मनात येतं? काही करायचं ठरवलंय का? घरी कोण असतं?" मॅडम म्हणाल्या करायचं असं काही नाही, फक्त रात्री झोपताना वाटतं की सकाळ होऊच नये. मग घरच्या एका माणसाला विश्वासात घेणं, रात्री फार वाटलं तर कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून ठेवणं, आणि आठवड्याच्या आत परत भेट, एवढं तिथल्या तिथं ठरलं. आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येतो अशी भीती लोकांना वाटते, पण अभ्यासांमधून तसं दिसत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. सहकारी म्हणून आपल्यालाही हे विचारता यायला हवं, आणि उत्तर "हो, ठरवलंय" असं आलं तर त्या माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीला न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही.

बर्नआउट आणि नैराश्य यांची सरमिसळ असते आणि कधी कुठं एक संपून दुसरं सुरू झालं हे सांगणं अवघड. मॅडमच्या बाबतीत डॉक्टरांना जे खटकलं ते हे की आधी त्रास कामापुरता होता, शनिवारी भाचीसोबत हसत-खेळत असायच्या, गेल्या दोन-तीन महिन्यांत तेही नकोसं झालं होतं. सौम्य ते मध्यम नैराश्य, असं ठरलं. गोळ्या लगेच नाही, आधी काउन्सेलिंग, आणि चार आठवड्यांनी पुन्हा बघू.

काउन्सेलिंग आहे, पण जायचं कसं

विद्यापीठात कर्मचाऱ्यांसाठी काउन्सेलर होत्या. फुकट, वर्षाला सहा सेशन्स. वर्षभरात जवळजवळ कुणीच गेलं नव्हतं आणि प्रशासनाने त्याचा अर्थ काढला की गरजच नाही. खरं कारण फॉर्ममध्ये होतं: 'कारण' असा एक रकाना, आणि खाली विभागप्रमुखाची सही, कारण ड्युटीच्या वेळेत जायचं म्हणून परवानगी. वर खोली एचआरच्या शेजारी. आता मला सांगा, ज्या सरांच्या हातात तुमचा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट आहे त्यांच्याकडे 'मानसिक त्रास' लिहिलेल्या कागदावर सही मागायला कोण जाईल? मॅडमपण गेल्या नाहीत, बाहेर स्वतःच्या खर्चाने गेल्या. नंतर शिक्षकांच्या प्रतिनिधींनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा पद्धत बदलली, बाहेरच्या काउन्सेलरकडे थेट फोनवर वेळ घ्यायची, एचआरला फक्त एकूण किती लोक आले तो आकडा, नाव नाही, विभाग नाही. एवढ्याने पहिल्या दोन महिन्यांतच लोक जायला लागले.

काउन्सेलरबाईंनी मॅडमसोबत जे केलं त्यात ध्यान-बिन फारसं नव्हतं. नाही म्हणताना काय वाटतं यावर त्या बऱ्याच वेळ बोलल्या. "मी नाही केलं तर मुलांचं नुकसान" हे वाक्य कितपत खरं आहे ते तपासलं. आणि एक घरचा अभ्यास दिला: दोन आठवडे रोज कशात किती वेळ गेला ते लिहायचं, सुधारायचं काही नाही, फक्त लिहायचं.

ती शीट

हीच शीट पुढे सगळ्या प्रकरणाला वळण देणारी ठरली. आठवड्याची सरासरी अशी निघाली: लेक्चर्स १२ तास, तयारी आणि तपासणी १४, पीएचडीचे विद्यार्थी ६, समित्या ७, मेल ९, मेंटॉरिंग ११, परीक्षा समन्वय ५. झाले ६४. कागदावरची ड्युटी ४० ची. आणि रिसर्चसमोर शून्य, जेव्हा की प्रमोशन रिसर्चवर मिळतं. समाजशास्त्रज्ञ योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं होतं की मेहनत भरपूर आणि बदल्यात पैसा, मान, बढती यातलं काही नाही, ही विषमता माणसाला आजारी पाडते. या शीटमध्ये ती सरळ दिसत होती, ज्या कामांना वेळ जातोय ती कुणी मोजत नाही आणि जे मोजतात त्याला वेळ नाही.

डॉक्टरांचं पत्र आणि ही शीट घेऊन मॅडम सरांसमोर बसल्या. सरांचं बोट मेंटॉरिंगवर थांबलं.

"अकरा तास? वर्कलोडमध्ये तर एकच तास धरलाय."

"मुलांना ते माहीत नाही सर."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नेहमीचं, "पण कुणीतरी करायलाच लागेल ना." बरोबर आहे, कुणीतरी करायलाच लागेल, पण ते कुणीतरी दर वेळी एकच बाई का, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर आला. सरांची पण बाजू आहे, पाळीपाळीने एचओडी होतात, चांगला संशोधक एका सकाळी वीस माणसांचा मॅनेजर होतो आणि समोर कुणी रडायला लागलं तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर ज्या सूचना काढल्या त्यात मॅनेजर लोकांना ट्रेनिंग द्या आणि कामाची रचनाच सुधारा, दोन्ही आहे. डिप्रेशन आणि अँग्झायटीमुळे जगात दरवर्षी अंदाजे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात हा आकडाही त्यांचाच. सरांनी नंतर तो वरच्या मीटिंगमध्ये वापरला, कारण कुलसचिवांना रडणं समजत नाही पण दिवस समजतात (हे सरांचंच वाक्य).

मग एकेक ओळ खोडली, आणि "जमेल तसं कमी करा" असं मोघम नाही, प्रत्येक कामाचं नाव घेऊन. परीक्षा समन्वय वर्षभरासाठी पूर्ण बंद. तीनपैकी दोन समित्या बंद. नवीन पीएचडी विद्यार्थी नाही, आणि एक जण सहगाईडकडे. मेंटॉरिंगची ६० मुलं होती ती ३०, आणि गंभीर काही असेल तर पहिल्यांदा विद्यार्थी काउन्सेलर, मॅडम सोबत जाऊन ओळख करून देणार पण पुढचं त्या बघणार. अभ्यासाच्या शंका मेलवर नाही, कोर्सच्या पेजवर, उत्तरं दिवसातून दोनदा. या बदलाचे पहिले दोन आठवडे अर्धा दिवस आणि वर्ग नाही. चार महिन्यांनी पुन्हा शीट लिहिली: लेक्चर्स १२, तयारी १२, पीएचडी ५, समित्या २, मेल ५, मेंटॉरिंग ५, रिसर्च ५. एकूण ४६. चाळीसच्या वरच आहे अजून, पण शून्याच्या जागी ५ आलाय. पीएचक्यू-९ चा स्कोअर ६ वर आला, गोळ्या लागल्या नाहीत. कुणालाच लागत नाहीत असा अर्थ मात्र यातून कुणी काढू नका, लागल्या तर घ्यायच्या.

जे जमलं नाही

'संध्याकाळी सातनंतर मेल नाही' असं सर्क्युलर निघालं. निघालं रात्री साडेनऊला, मेलवर. दोन आठवडे पाळलं, मग ॲडमिशनचे दिवस आले आणि विषय संपला. मेडिटेशनचं ॲप सगळ्यांना दिलं, त्याची रोज नोटिफिकेशन यायची आणि मॅडमनी तिसऱ्या दिवशी ते काढून टाकलं. सेमिस्टरच्या शेवटी पेपरांचे गठ्ठे आले तेव्हा झोप परत उडाली, आठवडाभर वाईट गेला, पण या वेळी त्या काउन्सेलरकडे आधी गेल्या, जिन्यात बसायची वेळ येऊ दिली नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकल लायटर यांनी बर्नआउट जिथून सुरू होतं अशी सहा ठिकाणं सांगितलीत, कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, आपली माणसं, न्याय आणि मूल्यं. या विभागात बोजावर काम झालं, ताब्यावर थोडंफार झालं, पण न्यायाच्या बाबतीत वेगळीच भानगड झाली.

परीक्षा समन्वयाचे ते ५ तास हवेत गेले नव्हते. ते गेले तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सरांकडे, ज्यांना फक्त घेतलेल्या लेक्चरचे पैसे मिळतात आणि ज्यांचं पुढच्या वर्षीचं रिन्यूअल एचओडींच्या हातात, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. त्यांची शीट कुणी लिहूनच घेतली नव्हती. काउन्सेलिंगची सहा सेशन्सही फक्त कायम कर्मचाऱ्यांना. हे मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना पुन्हा अपराधी वाटायला लागलं आणि "मीच घेते परत" म्हणून त्या उठल्याही, काउन्सेलरबाईंनी अडवलं: काम अन्यायाने दुसऱ्याकडे गेलं असेल तर ते योग्य ठिकाणी जायला हवं, तुमच्याकडे परत यायला नको.

मग विभागाच्या मीटिंगमध्ये मॅडमनीच विषय काढला. जरा वादावादी झाली, दोघा सीनियर लोकांनी "आम्हाला जमणार नाही" म्हणून हात वर केले, एकाने "आमच्या वेळी आम्ही सगळं करायचो" वगैरे ऐकवलं. शेवटी ठरलं की समन्वय सेमिस्टरप्रमाणे फिरेल, फक्त कायम शिक्षकांमध्ये, आणि यादी भिंतीवर लागेल. पहिल्या सेमिस्टरचं सरांनी स्वतःकडे घेतलंय. तरुण सरांनी आधी केलेल्या तासांचं मानधन द्यावं असं पत्र गेलंय. कंत्राटी लोकांच्या काउन्सेलिंगवर एचआरचं उत्तर आलं की बाहेरच्या संस्थेशी करार रिन्यू होईल तेव्हा बघू, त्यावर विभागाने लेखी तारीख मागितलीय, ती अजून आलेली नाही.